अहमदाबाद आणि दोन पोती केळी

आमच्याकडे पाहुणे आले आणि बोलणं प्रवासाकडे वळलं की माझा नवरा खुर्चीत सावरून बसतो आणि म्हणतो, "आम्ही दोघांनी अहमदाबाद पाहिलंय. लग्नानंतर लगेच. त्या काळी कोण जात होतं हो नवराबायको दोघंच?" मग तो झुलत्या मिनारांपासून सुरुवात करतो आणि मी चहा टाकायला आत निघून जाते. चहा कुणाला हवा असतो म्हणून नव्हे. तिथं बसले तर तोंडून काहीतरी निघून जाईल आणि पाहुण्यांना फुकटचा तमाशा बघायला मिळेल म्हणून. लिहिताना समोर पाहुणे नसतात, तेव्हा सांगून टाकते. आणि इथं मी त्याला नवराच म्हणणार आहे. 'आमचे हे' म्हणणं मी केव्हाच सोडलं.

आम्ही अहमदाबाद पाहिलं नाही. आम्ही अहमदाबादेत केळी वाटली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. माहेर धुळ्याचं, नदीपलीकडच्या देवपुरातलं. सासर जळगावचं. मेहरूणला घर, आणि चोपड्याकडे तापीच्या काठावर केळीची बाग. बाग सासऱ्यांची, घर सासऱ्यांचं, आणि खरं म्हणजे नवराही सासऱ्यांचाच. तो सरकारी कचेरीत नोकरीला होता, महिन्याचा पगार घरी आणत होता, पण केस कापायला जातानासुद्धा "आबा, जाऊन येतो" म्हणत असे. आबा म्हणजे सासरे. ते मान हलवत, मग हा निघे.

मी बी.एड. करून बसले होते. बसले होते म्हणजे भाकऱ्या थापत होते. त्या उन्हाळ्यात देवपूरच्या एका मुलींच्या शाळेत माझी निवड झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं, शाळा उघडायच्या आत हो की नाही ते कळवा, तोवर जागा ठेवते. अवघड काही नव्हतं. आठवडाभर माहेरी राहायचं, शनिवारी एस.टी.नं जळगावला यायचं. नवऱ्याला धुळ्याला बदली मागता आली असती. त्याच्या कचेरीतली माणसं बदली टाळायला साहेबांचे पाय धरत. ह्यानं मागितली असती तर साहेबांनीच पेढे वाटले असते. प्रश्न एकच होता, तो हो म्हणतो की नाही. आणि त्याला ते विचारायचं कुठं? आमच्या त्या घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी चार वाक्यं बोलायची तर गच्चीवर पापड वाळत घालायचं निमित्त लागायचं, आणि तिसऱ्या वाक्याला सासूबाई पापड मोजायला वर यायच्या.

मी एकदा विचारलंच. तो म्हणाला, "असं घाईघाईत नको. आपण कुठंतरी जाऊ. दोघंच. अहमदाबादला जाऊ, बघण्यासारखं शहर आहे. तिथं निवांत बोलू."

मला इतका आनंद झाला की मी त्या संध्याकाळी पोळ्यांना तूप जरा जास्तच लावलं. शाळेत असताना भूगोलाच्या बाई एका चित्रातली दगडी जाळी दाखवून म्हणाल्या होत्या, हा दगड आहे, पण कापडासारखा कातरलाय. ती जाळी अहमदाबादेत होती. जाळी बघू, तळ्याकाठी बसू आणि तिथं मी त्याला विचारेन, असं मी मनात ठरवलं. मी तळंसुद्धा ठरवून टाकलं होतं.

आबांना कळल्याबरोबर सहलीचा ताबा आबांनी घेतला. मी लॉज असा शब्द उच्चारला होता, तो त्यांच्या कानावर गेला.

"लॉजमा उतरानी काय गरज शे?" ते ओसरीवरून गरजले. "आपला बठ्ठा माणसे शेतस तठे!"

हे मात्र खरं होतं. खानदेशातली निम्मी माणसं सुरतेला आणि उरलेल्यांतली बरीच अहमदाबादेला गिरण्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत पसरली आहेत. आबांच्या गावचे, भावकीचे, कुणाच्या मेव्हण्याचे साडू असे किती तरी लोक तिथं होते. आपला माणूस ज्या शहरात आहे तिथं लॉजमध्ये उतरणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं, ही आमच्याकडची रीत. आणि दुसरी रीत अशी की आपल्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. "रिकामा हाते कोनाघर जावानं नही," हे वाक्य त्या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं जाई. आबांचा सगळा मोठेपणा केळीत होता. लग्नात आहेर केळी, आजाऱ्याला केळी, तलाठ्याला केळी. माझ्या वडिलांकडे लग्नाची बोलणी करायला आले तेव्हाही बैलगाडीभर घड आणले होते. वडील बिचारे शाळामास्तर, त्यांनी निम्मी गल्ली केळी खाऊ घालून आजारी पाडली.

निघायच्या दिवशी सकाळी ओसरीवर दोन पोती उभी होती. हिरव्यागार केळीच्या फण्या, मध्ये वाळलेली पानं, वरून तोंड सुतळीनं शिवलेलं. माझ्या साड्यांची बॅग त्यांच्यामागे दिसतसुद्धा नव्हती.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आबांकडे बघितलं.

"पिकतील ना हो वाटेत?" मी म्हटलं.

आबा हसले. ज्या बाईच्या माहेरी एक एकर जमीन नाही तिनं केळीवर बोलावं, या गमतीनं हसले. "आपला माल हिरवागार दिल्ली जास. अमदाबाद काय चीज शे?"

दिल्लीला जातो तो माल मालडब्यातून जातो, मोकळा मांडलेला, अंगाला वारा लागेल असा. हे त्यांनीच मला बागेत उभं राहून कितीदा तरी सांगितलं होतं. इथं पोत्यांची तोंडं शिवलेली, मे महिना, आणि पोती जाणार बाकाखाली, माणसांच्या पायांच्या उबेत. शिवाय सासूबाईंनी आपल्या मायेपोटी दोन्ही पोत्यांच्या मधोमध पिकलेले आंबे कोंबले होते, सांडू नयेत म्हणून. पिकल्या फळाशेजारी कच्चं ठेवलं की ते पिकतं, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. पण तीन पिढ्या केळी पिकवणाऱ्या माणसाला ते त्या दिवशी आठवलं नाही, कारण मोठेपणा दाखवायची घाई झाली की आमच्याकडे माणूस शेतीही विसरतो.

सुरतेपर्यंत पॅसेंजर. अमळनेर गेलं, नंदुरबार गेलं. नवापूर मागं पडलं तेव्हा बाकाखालून वास यायला लागला. समोरच्या म्हाताऱ्यानं पाय वर घेतले. सुरतेला गाडी बदलताना हमालानं पोतं डोक्यावर घेतलं आणि त्याच्या कपाळावरून चिकट पाणी ओघळलं. त्यानं जे शब्द वापरले ते गुजरातीत होते पण मला सगळे समजले. अहमदाबादेला उतरून नवऱ्यानं फलाटावरच एका पोत्याची शिवण उसवून आत हात घातला. हात बाहेर आला तो पिवळी धमक फणी घेऊन.

"पिकली," तो म्हणाला. घरात कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मग?"

"मग काय, लगेच वाटावी लागतील. नाहीतर सगळी सडतील. आबांना काय सांगू?"

मी म्हटलं, इथंच वाटून टाका, फलाटावर एवढी माणसं आहेत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासूबाईंच्या पाटल्या विकायला सांगितल्या. ज्यांची नावं आबांनी घेतली होती त्यांनाच ती केळी पोचायला हवी होती. परक्याच्या पोटात गेली तर आबांच्या नावाचं काय झालं असतं?

एवढं जिवंत शहर मी आयुष्यात बघितलं नव्हतं. स्टेशनाबाहेर पडल्याबरोबर उंटगाड्या, रिक्षा, लुना, गाई, सायकली, सगळे एकाच वेळी एकमेकांवर ओरडत होते आणि कुणीच रागावलेलं नव्हतं. बायका लुनावर बसून कामाला निघाल्या होत्या, पदर कमरेला खोचलेले, पिशव्या खांद्याला. मी मान वळवून वळवून बघत होते. नवरा म्हणाला, "बघ, इथल्या बायका कशा." कशा, ते विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात रिक्षावाल्यानं पोत्याबद्दल काहीतरी विचारलं आणि माझा नवरा त्याला खानदेशच्या केळीवर व्याख्यान देऊ लागला. पोतं मांडीवर होतं. त्या शहराचा माझ्या वाट्याला आलेला पहिला देखावा पोत्याच्या वरून दिसेल तेवढाच होता.

पहिलं घर मणिनगरला, आबांच्या चुलतभावाच्या व्याह्यांचं. माणसं चांगली. मी त्या माणसांना दोष देत नाही. दोष द्यावा असं त्यांनी काहीच केलं नाही. त्यांनी प्रेमानं बसवलं, पाणी दिलं, जळगावची खबरबात विचारली, माझी ओटी भरली. आणि जेवायला काय केलं? शिकरण. आमच्याच केळीची. "इतकी केळी आणलीत, आता ती संपवायला हवीत ना," असं म्हणत त्यांनी वाटी काठोकाठ भरली. पुढच्या घरी शिकरण-पोळी. त्याच्या पुढच्या घरी केळीची कोशिंबीर आणि जेवणानंतर, तोंड गोड करायला, शिकरण. त्या दिवसांत मी अहमदाबादेचा एक पदार्थ खाल्ला असेल तर रस्त्यात उभ्या उभ्या खाल्लेला गाठिया. तोही अर्धा, कारण नवऱ्याला उशीर होत होता.

आणि घरं वाढत चालली. आबांनी सांगितलेली संपली की तिथली माणसं म्हणत, "अरे, त्या अमक्याकडे नाही गेलात? त्यांना कळलं तर वाईट वाटेल." मग तिकडे. एक पोतं हलकं व्हावं तर प्रत्येक घरातून परतीचं सामान मिळे: जळगावच्या मावशीला खाखरा, भडगावच्या भाच्याला कापड, कुणाच्या सासूला गुडघ्याचं तेल. केळी उतरत होती आणि खाखरे चढत होते. माझा नवरा खूष होता. प्रत्येक घरात "आबांचा मुलगा" म्हणून त्याला पाट मिळत होता. मला वाटतं, आयुष्यात तो इतका महत्त्वाचा त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

रोज मी विचारायची, "बोलू या का?" आणि रोज तो म्हणायचा, "एवढं पोतं रिकामं होऊ दे. मग निवांत."

झुलते मिनार आम्ही पाहिले ते असे. एका घरून दुसऱ्या घरी जाताना रिक्षा तिथून जात होती. मी हट्टानं थांबवली. पोतं उतरवलं. पोतं घेऊन आत जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून नवरा म्हणाला, "तू जाऊन ये. मी केळीपाशी थांबतो."

"केळी कोण नेणार आहे?"

"तसं नाही गं. परका गाव."

मी एकटी आत गेले. हे मिनार कसे हलतात ते एक माणूस समजावून सांगत होता. माझ्याशेजारी एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. ती हसत होती आणि तो तिला वर बोट दाखवत होता. मला ते जोडपं इतकं नकोसं झालं की मी बाहेर आले. बाहेर नवरा एका गाईच्या शिंगांशी झोंबत होता. गाईनं पोत्यात तोंड घालून एक फणी ओढली होती आणि हा आबांची अब्रू तिच्या तोंडातून काढायचा प्रयत्न करत होता. भोवती चांगली गर्दी जमली होती. मिनार हलतात की नाही हे मी नंतर कुणालाच विचारलं नाही, पण पाहुण्यांना तो छातीठोकपणे सांगतो, "हलतात, मी स्वतः पाहिलंय."

कांकरिया तळं रिक्षातून दिसलं. माणेक चौकातून आम्ही अशा वेळी गेलो की माझ्या मांडीवर गुडघ्याच्या तेलाची बाटली होती आणि मी ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली होती. एका पोळमध्ये, म्हणजे तिकडच्या चिंचोळ्या जुन्या वस्तीत, आमच्याकडचा एक शिंपी राहत होता. त्या गल्लीच्या तोंडाशी पक्ष्यांना दाणे घालायला केलेला नक्षीदार लाकडी मनोरा होता. तो मी नीट पाहिला. कारण शिंपी घरात नव्हता आणि आम्ही केळी घेऊन त्याच्या दारात ताटकळत उभे होतो. त्याच्या बायकोनं दार उघडलं तेव्हा बघणं संपलं म्हणून मला वाईट वाटलं.

शेवटचं घर अक्कांचं होतं. त्या आबांच्या गावच्या, नात्यानं लांबच्या, पण आबा त्यांना मानत. त्यांचा नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्या गिरणीच्याच चाळीत एकट्या राहिल्या. एका खोलीत आयुष्य काढलेली बाई. पण तिचा आवाज अख्ख्या चाळीला पुरे.

"ये व माय, बठ. दमी गयी व्हशी," त्या मला म्हणाल्या. कित्येक दिवसांत मी दमले असेन असं म्हणणारी ती पहिली व्यक्ती. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

उरलेली केळी आता काळी पडली होती. त्यातली बरी कुठली आणि टाकायची कुठली ते मी मोरीपाशी बसून निवडत होते. नवरा बाहेर, चाळीच्या ओट्यावर अक्कांशी बोलत होता. रिकामं पोतं त्यानं नीट घडी करून मांडीवर घेतलं होतं. अक्का आत आल्या, माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुना नवरा सांगी ऱ्हायना, नोकरीले तूच नही म्हणी दिनं. बरं करं माय. इतला मोठा घरनी सून तू, कसाले पाहिजे नोकरी?"

माझ्या हातातलं केळं हातातच राहिलं. मी विचारलं, कुणी नाही म्हटलं? कधी?

अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "तुले माहीतच नही का?" एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्या उठल्या, चहा केला, मला दिला, स्वतः घेतला, आणि ओट्यावर बसलेल्या आबांच्या मुलाला विचारलाही नाही. अख्ख्या सहलीत त्याचा पहिल्यांदाच कुणी पाहुणचार केला नाही. तो बिचारा वाट बघत बसला.

बाहेर पडल्यावर नवरा मोठ्या उत्साहात होता. दोन्ही पोती रिकामी, सगळ्यांना पोचलं. "चल," म्हणाला, "तुझी ती जाळी बघू. आता अगदी निवांत."

आणि मी ती जाळी पाहिली. जिच्यासाठी आले होते ती. दगडाचं झाड होतं ते, फांद्यांतून फांद्या गुंफलेल्या, मधून मावळतीचा उजेड येत होता. खाली वाहनांचा कल्लोळ, वर ती जाळी अगदी शांत. सुंदर होती. मी खोटं बोलणार नाही, इतकी सुंदर गोष्ट मी नंतरही फारशी पाहिली नाही. आणि तिच्याकडे बघत मी नवऱ्याला विचारलं, "शाळेला नाही म्हणून कधी सांगितलंत?"

तो गडबडला. मग म्हणाला, "अक्कांना काही दम निघत नाही."

"कधी सांगितलंत?"

"निघायच्या आधीच्या आठवड्यात. धुळ्याला कामाला गेलो होतो ना, तेव्हा शाळेत जाऊन आलो." माझ्याकडे बघून त्यानं घाईघाईनं जोडलं, "अगं, तुलाच त्रास. ये-जा, एस.टी., ऊन. आबा म्हणाले, तिला उगाच वाईट वाटेल, जरा फिरवून आण. चार ठिकाणं पाहिली की विसरेल. म्हणून तर आलो आपण."

म्हणून तर आलो. मी तिथं रस्त्याच्या कडेला उभी होते, माझ्या हातात भडगावच्या भाच्याचं कापड होतं आणि मला समजलं की मी फिरायला आलेच नव्हते. पोतं जसं उचलून आणलं तसं मला उचलून आणलं होतं, आबांच्या सांगण्यावरून, आबांच्या माणसांत. इतका तिरस्कार मला कुणाचा कधी वाटला नव्हता. आबांचा नाही. आबा निदान स्वतःच्या तोंडानं गरजत तरी होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा, ज्यानं माझं 'नाही' परस्पर देऊन टाकलं आणि वर मला जाळी दाखवायला आणलं.

"किती बारीक काम आहे बघ," तो म्हणाला.

परत गेलो, सामान बांधलं, म्हणजे खाखरे बांधले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. सुरतेला पॅसेंजर मिळाली. नवरा खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचत होता. त्याला वाटत होतं, मी गप्प आहे म्हणजे विषय संपला. त्याच्या घरात बाई गप्प झाली की विषय संपला असंच धरायची पद्धत होती.

दोंडाईचा गेलं, शिंदखेडा गेलं. नरडाण्याला गाडीचा वेग कमी व्हायला लागला तेव्हा मी उठले आणि बाकावरून माझी बॅग ओढली. फक्त माझी.

"चहाला उतरतेस का? मलाही आण," तो म्हणाला.

"मी धुळ्याला चालले आहे."

"आत्ता? कशाला?"

"शाळेत."

गाडी थांबली होती. मी उतरले. तो खिडकीत आला, दोन्ही हातांनी गज धरून. मला वाटलं होतं, तो उतरेल. रागावेल, ओढेल, निदान बॅग हिसकावून घेईल. उतरला असता तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. पण तो उतरला नाही, कारण त्याच्याजवळ सगळ्यांचं सामान होतं.

"अगं, पण मी आबांना काय सांगू?" तो म्हणाला.

गाडी हलली. आग्रा रोडवर येऊन मी एस.टी.ला हात केला. सोनगीर मागं पडलं, आणि नदी यायच्या आत देवपूर आलं. मी माहेरी गेले नाही. गेले असते तर आईनं आधी जेवायला वाढलं असतं, मग वडिलांनी समजूत घातली असती, आणि मी तशीच जळगावला परत गेले असते. मी सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले, चुरगळलेल्या साडीत, केसांत रेल्वेचा कोळसा घेऊन.

बाईंनी दार उघडलं आणि मला ओळखलं. "तुमचे यजमान येऊन गेले," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच नोकरी नको आहे म्हणाले. मी म्हटलं, मग त्यांनीच येऊन सांगावं. तर म्हणाले, तिला वेळ नाही, फिरायला जायची तयारी चाललीय." त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. "झालं का फिरून?"

"झालं."

"दुसऱ्या बाईंना उद्या बोलवायचं ठरवलं होतं मी. अजून सांगितलेलं नाही. तुमची स्वतःची इच्छा आहे का, एवढंच मला ऐकायचंय."

"आहे," मी म्हटलं. आणि एवढा एक शब्द स्वतःच्या तोंडानं बोलायला मला अहमदाबादेपर्यंत जाऊन यावं लागलं, याचा मला इतका संताप आला की बाईंनी पुढं केलेला तांब्या मी एका दमात रिकामा केला.